डब्यातला हट्टी

२ मार्च

मुलाच्या दवाखान्यात दरवर्षी दंतमंजनवाल्यांकडून डायऱ्या येतात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरी दाढ. यंदाची एक मी उचलली. शाळेत सिस्टर संध्याकाळी आम्हाला डोळे मिटून बसवत आणि आज आपलं कुठे चुकलं ते आठवायला लावत. काही आठवलं नाही म्हटलं तर म्हणत, "म्हणजे नीट शोधलं नाहीस." ती सवय हाडात गेली आहे. फक्त आता डोळे मिटले की झोप लागते, म्हणून लिहिते.

सूनबाई आज सकाळी गेली. ती पूल तपासते. नदीवरचे जुने पूल, त्यांना कुठे तडा गेलाय, कुठे गंज धरलाय, ते बघत फिरते. यावेळचं काम फार लांबचं, जुलैपर्यंत परत येणार नाही. बॅग, बूट, पिवळं हेल्मेट सगळं दारात तयार, खाली गाडी उभी, आणि ही मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली.

गच्चीच्या कोपऱ्यात तिचा तो पत्र्याचा तेलाचा डबा. त्यात गुडघ्याएवढं झुडूप. राखाडी काटक्या, करंगळीच्या नखाएवढी जाडसर, लवदार पानं. पान चोळलं की असा उग्र वास येतो, की मला थेट शाळेतली आजारी मुलींची खोली आठवते. गेल्या वर्षी विहीणबाई वारल्या, घर विकलं गेलं, आणि सूनबाईने माहेराहून हा डबा तेवढा आणला. त्यांच्या घरामागच्या दगडांच्या ढिगात हे आपोआप उगवलं होतं. दोनदा उपटून टाकलं, तिसऱ्यांदा पुन्हा तिथेच हजर. तेव्हा विहीणबाईंनी हात टेकले, त्याला डब्यात घेतलं आणि नाव ठेवलं हट्टी. वर्षातून एकदाच फुलतं म्हणे, निळसर फुलं येतात.

"अहो आई, याचं एकच सांगणं आहे," सूनबाई म्हणाली. "काही करू नका."

"पाणी?"

"नको."

"अगं, अगदी थोडं?"

"थोडंही नको. आता उन्हाळ्यात पानं गळतील, नुसत्या काटक्या राहतील, मेल्यासारखा दिसेल. तो झोपलेला असतो. हवेत ओल आली की आपला आपण उठतो. तुम्ही फक्त असू द्या त्याला."

"बरं," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"अगं, काही न करण्यात काय अवघड आहे?"

तिने डब्याच्या कडेवर हात फिरवला, झुडपाशी काहीतरी पुटपुटली आणि जिना उतरली. माझ्या पाया पडताना मात्र घाईत होती. हे लिहायला नको होतं, पण सिस्टर म्हणायच्या तसं, नीट शोधलं तर सापडतंच.

१५ मार्च

पानं गळायला लागली. रोज सकाळी डब्याभोवती झाडते. फोन रविवारीच लागतो, तोही ती टेकाडावर चढून करते. पहिला प्रश्न, "हट्टी कसा आहे?" दुसरा, "ह्यांनी दाढी केली का?" माझ्या गुडघ्यांचा नंबर तिसरा.

१९ मार्च

आता एकही पान नाही. वर जाते, बघते, खाली येते, पुन्हा वर जाते. बाकीच्या कुंड्या हिरव्यागार, त्यांना दोन वेळ पाणी, आणि हा कोपऱ्यात वाळक्या काटक्या घेऊन उभा. पंगतीत एकालाच वाढायचं नाही असं ठरवल्यासारखं वाटतं.

फुटपट्टी आली होती. माझी शाळेतली मैत्रीण. तेव्हा उंच आणि सरळसोट होती, आता वाकली आहे, पण नाव तेच. तिला गच्चीवर नेऊन दाखवलं.

"मेलंय हे," ती म्हणाली.

"झोपलंय, असं सूनबाई म्हणते."

"मग झोपू दे. तुला कुणाची झोप बघवतच नाही. होस्टेलवर सुद्धा पाचला उठून सगळ्यांची पांघरुणं ओढायचीस."

"नीट करायची. ओढायची नाही."

"थंडीत कळायचं आम्हाला काय करायचीस ते."

ती गेल्यावर आठवण आली ती भरतकामाच्या तासाची. ज्या मुलीचं काम आधी संपे, तिला सिस्टर ते उसवून पुन्हा टाके घालायला लावत. रिकाम्या हातांनी बसलेली मुलगी त्यांना दिसायलाच नको असे. आणि सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे स्वतःच्या हातांवर बसून राहायचं. छडी परवडली, पण ते नको. मी एकदाच बसले होते. अजून तळव्यांना बाकाच्या फळ्या आठवतात.

२१ मार्च

आज गोळी घेऊन उरलेलं अर्धा पेला पाणी डब्यात ओतलं. ओतलं म्हणजे, हातातच होतं. मोरीत टाकणार, त्यापेक्षा त्याला. माती एवढी कोरडी, की पाणी क्षणभर वरच थांबलं आणि मग एकदम आत गेलं. घोट घेतल्यासारखा आवाज आला. मी ऐकला.

२ एप्रिल

रोज एक तांब्या घालते. लिहायचंच तर खरं लिहावं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हळूहळू घालते. दुपारी जुनी सुती ओढणी बांधून सावली केली आहे. मुलाने विचारलं, "तिने नको म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "तू दातांचं बघ."

रोपवाटिकेत गेले होते. तिथल्या माणसाला वर्णन सांगितलं तर म्हणाला, "असलं माळावरचं कोण पाळतं, आजी? पण झाड ते झाड. भूक लागणारच." त्याने खताची पुडी दिली. मातीत कालवून टाकली.

१० एप्रिल

फुटवे आले! बुंध्याशी, फांद्यांच्या बेचक्यात, सगळीकडे हिरवे ठिपके. मी गच्चीवर एकटीच हसत उभी होते. खाली दवाखान्यात कुणीतरी चूळ भरत होतं, त्या आवाजाचं सुद्धा कौतुक वाटलं.

पावसाळ्याची वाट बघायची म्हणे. एप्रिलमध्ये फुटला माझ्या हाताने. आज इथे एक लिहून टाकते. विहीणबाई मला कधी कळल्या नाहीत. लग्नात मी चार दिवस पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होते आणि त्या मुलीकडच्या असून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या. लेक जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायची, तर त्या केसांतून हात सुद्धा फिरवत नसत. नुसत्या बसत. मला वाटायचं, काय बाई ही आई. आणि ती अजून त्यांच्याच काटक्यांशी बोलते.

सूनबाईला फोनवर सांगणार नाही. आली की एकदम दाखवीन. हिरवागार बघून काय म्हणेल?

२४ एप्रिल

पानं पिवळी पडताहेत. उष्णतेने असेल. पाणी दोन वेळ केलं.

२९ एप्रिल

सकाळी वर गेले तर हट्टी आडवा झाला होता. वारा नव्हता, मांजर नाही. बुंधा धरून उभा करायला गेले तर तो हातातच आला, शिजल्यासारखा मऊ. खाली मुळं नव्हतीच. काळा चिखल आणि वास. तो वास लिहवत नाही.

मुलाला हाक मारली. हातमोजे घालूनच आला. बघून म्हणाला, "मूळ सडलं, आई. आता काही राहिलं नाही."

"काहीतरी करता येईल."

"दाताचं सांगतो, झाडाचं नाही. पण असं झालं की आम्ही काढतो."

मग माझ्याकडे बघून थांबला. "पाणी किती घालत होतीस?"

"थोडंच."

लहानपणी भांडं फुटलं की मी त्याच्याकडे जशी बघायची तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

दुपारी तो चिखल बादलीत भरून खाली नेला आणि दवाखान्याच्या पायरीलगत माझ्या सदाफुलीच्या पट्ट्यात पसरला. डबा राख लावून घासला. इतका चकचकीत केला, की आत माझंच तोंड दिसायला लागलं. तेव्हा उपडा ठेवला.

३ मे

रविवार. फोन.

"अहो आई, हट्टी कसा आहे?"

"आहे. तसाच आहे."

"पानं गेली असतील ना सगळी?"

"गेली."

"मग ठीक आहे. तुम्हाला बघवत नसेल, मला माहीत आहे. थँक्यू हं."

आयुष्यात कुणाच्या आभारांनी असं कानाखाली बसल्यासारखं झालं नव्हतं. मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन मुलाच्या हातात दिला. आवाज स्पष्ट येत होता.

८ मे

काल फुटपट्टीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर असलीच झुडपं आहेत. उन्हाळ्यात सगळी काटक्याच. कोण ओळखणार?"

हे माझ्याही मनात होतं. तिने बोलून दाखवलं म्हणून ते तिचं झालं असं मला म्हणता येणार नाही.

आज सकाळी गेलो. दोघींच्या मिळून चार गुडघ्यांतला एकच चालतो. बरोबर कालथा, जुना चमचा आणि मुलाने टाकून दिलेलं दात खरवडायचं हत्यार. खडकाळ उतार. पान चोळून ओळखावं तर पानच नाही, म्हणून फांदी खरवडून वास घेतला. तोच होता.

"लवकर कर, कुणी आलं तर काय सांगायचं?" फुटपट्टी म्हणाली.

"औषधाला नेतोय म्हणू."

"कशावर?"

"लाजेवर," मी म्हटलं. ती एवढी हसली की खाली बसली, आणि मग दोघींना तिला उठवता येईना. दोघी म्हणजे मी आणि ती.

मग हसू गेलं. हातभर खणलं तरी मूळ संपेना. वर वीतभर काटक्या आणि खाली एवढं लांब, दगडांच्या फटीतून वळत वळत गेलेलं. एवढ्याशा जिवाने केवढं खाली हात घातले होते. मी ओढलं. ते तुटलं. तुटल्याचा आवाज बारीक होता.

"जाऊ दे, दुसरं घे," फुटपट्टी हळूच म्हणाली.

दुसरं लहान घेतलं. तेही थोडं तुटलंच. टेकडीवरचीच माती डब्यात भरली आणि कोपऱ्यात, त्याच जागी ठेवलं. लांबून पाहिलं तर तेच. जवळून पाहिलं तरी तेच. बरं वाटायला हवं होतं.

एक मारलं, दुसरं मोडलं, तिसरं पळवून आणलं. सिस्टर, आज शोधावं लागलं नाही.

२० मे

मुलगा म्हणतो, "सांगू नकोस. तिला समाधान, तुला सुटका. कुणाचं काय बिघडलं?"

"तू लोकांना खोटे दात बसवतोस. ते लपतात का?"

"माझे लपतात," तो म्हणाला. मग जिना उतरता उतरता थांबला. "रात्री काढून ठेवावे लागतात, हे खरं."

नव्याला पाणी घातलेलं नाही. एक थेंब नाही. वर जाते, हात पाठीमागे बांधून बघते, परत येते. जमतंय. पण हातांना काहीतरी हवंच, म्हणून खालचा पट्टा हातात घेतला आहे. सदाफुलीला सकाळी पाणी, मग गवत काढणं. यंदा तिथे कसलं तरी भलतंच उगवतंय. दोन दोन जाडसर, लव असलेली पानं, जमिनीला चिकटून. एक उपटावं तर उद्या शेजारी दोन. मीही सोडत नाही. पायरीवर पेशंट बसलेले असतात, ते म्हणतात, "आजींचा पट्टा कसा लख्ख असतो." हाताला दिवसभर उग्र वास राहतो. दवाखान्याच्या सांडपाण्याचा असेल.

७ जून

आज फोन बराच वेळ चालला. पुलाखाली पाणी आटलंय, काम लवकर होतंय, खुशीत होती. मीच विचारलं, हट्टीत एवढं काय आहे गं. का विचारलं, देव जाणे. जखमेची खपली काढावी तसं.

ती म्हणाली, "झाड तर काय, माळावर कितीतरी आहेत, अहो आई. पण डब्यातली माती आईच्या हातची आहे. ती गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने दगड वेचून, चाळून भरली होती. मला म्हणाली, बस इथे, काही करू नकोस, नुसतं बघ. मी बसले, पण अर्ध्या वेळात फोन बघत होते." मग म्हणाली, "वरच्या थरात तिच्या बोटांचे ठसे होते. आता नसतील, पण मला वाटतं, आहेत."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणाले, आठवत नाही.

मी झाडासाठी रडत होते. दुसरं झाड आणून भरपाई केली असं समजत होते. आणि ती माती मी नाकाला पदर लावून बादलीत भरली.

८ जून

पट्ट्यापाशी बसले होते. कुठली माती त्यांची, कुठली आपली, काही वेगळं काढता येत नाही. महिनाभर मी रोज त्यावर पाणी घालतेय, उकरतेय. विहीणबाई, तुम्ही व्हरांड्यात बसायच्या तेव्हा मी मनात काय काय म्हटलं, ते तुम्हाला कळलं असेल तर असू द्या. ते खरं होतं असं मला आता वाटत नाही.

निदान ती जागा स्वच्छ ठेवायची असं ठरवलं. आजपासून एकही काडी त्यात नको. ते जाड पानांचं गवत मुळासकट काढलं, एकूण एक. हाताने माती थापून सारखी केली.

२६ जून

गुडघा सुजला. मुलाने वाकायला सक्त मनाई केली आहे. सकाळी खाली जाऊन नुसती खुर्चीवर बसते. पायरी आणि भिंत यांच्या फटीत एक गवत राहून गेलं आहे. हात पोचत नाही. रोज डोळ्यांत सलतं.

१४ जुलै

सूनबाई आली. रापली आहे, केस कापले आहेत. बूट काढायच्या आधी गच्चीवर गेली. मी खालीच थांबले, पण जिन्यात आवाज येतो. ती डब्यापाशी बसली असावी. म्हणाली, "ए आई, आले बघ."

त्या परक्या काटकीला.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

जेवताना मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. सूनबाईने मला एक पाकीट दिलं. मऊ लोकरीच्या गुडघ्यांच्या पट्ट्या. "तुमच्या मापाच्या शोधून आणल्या," म्हणाली. "तुम्ही माझं एवढं केलंत."

१५ जुलै

सांगणार होते. ती झोपली होती. दिवसभर झोपली. दोनदा दारापर्यंत गेले. पांघरूण सरकलं होतं, ते नीट करायला हात गेला आणि मागे घेतला.

फुटपट्टीचा फोन आला. "सांगितलंस?"

"नाही."

"उद्या मी येऊ?"

"नको. तू आलीस की मला हसू येतं."

१६ जुलै

सांगितलं.

ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. नव्या झुडपाला बारीक पानं फुटली आहेत. ती म्हणाली, "बघा, उठला. सांगितलं होतं ना?" त्या आनंदात सांगायचं की आनंद ओसरल्यावर, असा विचार क्षणभर केला. तोही लिहून ठेवते.

मी म्हटलं, "तो हा नाही."

तिला कळेना. मग सगळं सांगितलं. पाणी, ओढणी, खत, फुटवे, मी केवढी खूश झाले होते ते, मग चिखल, मग टेकडी. फुटपट्टीचं नाव घेतलं नाही. मधे थांबले नाही. थांबले असते तर काहीतरी कारण दिलं असतं.

तिच्या हातात ओला टॉवेल होता. तो तसाच पिळत राहिली. पाणी तिच्या पायावर पडत होतं.

"मी फक्त एकच सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकच."

"हो."

"आणि मी परवा त्याच्याशी... तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. लहान मुलीसारखं. "म्हणजे मी बोलत होते आणि तुम्ही खाली उभ्या राहून ऐकत होता. तुम्हाला माहीत असून." मग ओरडली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं सगळ्यांचं सगळं करायला? माझे डबे, माझी कपाटं, आता हे! माझं म्हणून एक तरी असू द्यायचं होतं!"

तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तेवढीच लाजही आली, की हे सुद्धा मी माझ्यासाठीच करतेय.

तिने टॉवेल दोरीवर टाकला आणि विचारलं, "माती कुठे आहे?"

खाली घेऊन गेले. दवाखाना बंद होता. तिने पट्ट्यापाशी उकिडवं बसून माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली. मग आजूबाजूला बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "गेल्या वर्षीचं बी मातीत पडलेलं असणार. इथे काही उगवलं होतं?"

"नाही गं. गवत यायचं, जाड पानांचं. मी रोज उप..."

वाक्य पुरं झालं नाही. माझ्या नाकात तो वास आला. दवाखान्याच्या सांडपाण्याचा नव्हे. आजारी मुलींच्या खोलीचा. महिनाभर तो माझ्या बोटांना होता.

ती माझ्याकडे बघत होती. तिला मी सांगायची गरज उरली नाही.

"किती?" तिने हळू विचारलं.

"सगळी," मी म्हटलं.

१७ जुलै

सगळी नाहीत.

सकाळी तीच आली मला उठवायला. हात धरून खाली नेलं. पायरी आणि भिंत यांच्या फटीत, जिथे माझा गुडघा मला पोचू देत नव्हता, तिथे ते एक. आता चार बोटं झालं आहे. तिने एक पान चोळून माझ्या नाकाशी धरलं. मी मान हलवली.

"आईने दोनदा उपटला होता," ती म्हणाली. हसली नाही. पण बोलली.

"इथून काढून डब्यात..." मी सुरुवात केली आणि जीभ चावली.

"नाही," ती म्हणाली. "इथेच. कुणीही काहीही करायचं नाही."

मुलगा मागून म्हणाला, "पेशंटचे पाय लागतील."

"मग पायरीवर कुणीतरी बसा," असं म्हणून ती आत गेली.

३० जुलै

टेकडीवरच्याला तिने गच्चीवरच ठेवला आहे. मी विचारलं, परत नेऊन लावूया का. म्हणाली, "मुळं तुटली आहेत. आता कुठे जाईल? राहू दे." त्याच्याशी बोलत मात्र नाही. माझ्याशी बोलते, कामापुरतं. काल चहा आणून दिला, आणि कप घ्यायला परत आली तेव्हा पायरीवर थोडी टेकली. आम्ही दोघी फटीकडे बघत बसलो. तिने फोन काढला नाही. मी तिच्या खांद्यावरचा दोरा काढला नाही. दिसत होता.

मी रोज सकाळी दवाखाना उघडल्यापासून खालच्या पायरीवर बसते. गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या. सदाफुलीचं पाणी बंद. हात फार वळवळतात, तेव्हा त्यांच्यावर बसते, खरंच, शाळेतल्यासारखी. दगडी पायरी बाकापेक्षा गार आहे. लाज गेलेली नाही. ती जाईल असं वाटत नाही, आणि तिला घालवायला काही करावं असंही आता वाटत नाही.

आज नवीन पेशंट आला. गाल सुजलेला. माझ्या शेजारी टेकला, माझे मांडीखाली दाबलेले हात बघितले आणि कळवळून म्हणाला, "फार दुखतंय का, आजी?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही जरा पलीकडे सरका. पाय लागेल."

त्याने फटीकडे पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. "मग इथे काय करताय?"

"काही नाही," मी म्हटलं.